रानवाटेची गाडी घ्या, शिकारीची नको

भाताच्या लोंब्या भरू लागल्या की मावळात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक भावाची आणि दुसरी रानडुकराची. भाव पुढे ठरायचा तेव्हा ठरेल, डुक्कर मात्र त्याच्या आधीच येऊन जाते. रात्रीत खाचर लोळवते, भुईमूग उकरते, उसाचे बुडखे चावून टाकते. सकाळी बांधावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचे डोके फिरले तर त्याला दोष देता येणार नाही. या रागातूनच अलीकडे बेगडेवाडी, शेलारवाडी, तळेगावच्या बाजूची तरणी पोरे एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, रानात कुठंबी घुसंल, चिखलात रुतणार नाही अन् रात्री डुकराच्या मागं घालता येईल, अशी गाडी कंची घ्यावी?"

प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळ द्यावे. रानात चालणारी दणकट गाडी ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. पण ती शेतातले काम बघून घ्यावी. शिकारीसाठी म्हणून कोणतीच गाडी घेऊ नये. शिकारीच्या नादात पहिली हातची जाते ती गाडीच, आणि डुक्कर राहते जिथल्या तिथे.

जीप आणि शिकार

गाडीतून शिकारीचे वेड आपल्याकडे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विलीज जीप आपल्या देशात पसरली. महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत तिची जुळणी सुरू केली. बैलगाडी जिथे अडायची तिथे जीप जाऊ लागली. सरकारी कामाला, पाटबंधाऱ्याला, शेतीला तिचा मोठा उपयोग झाला. पण त्याच जीपवर प्रखर दिवा लावून रात्री जनावराचे डोळे दिपवायचे आणि बसल्या जागेवरून बार टाकायचा, असे शिकारीही निघाले. जुना शिकारी रान तुडवायचा, वारा बघायचा, माग काढायचा. गाडीने त्याचे पाय वाचवले आणि जनावराची पळून जाण्याची संधी काढून घेतली. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री गाडीतून फिरताना तीन चित्ते टिपले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची नोंद म्हणून हीच शिकार सांगितली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, तो नामिबियातून विमानाने आणावा लागला.

वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये. त्या मूळ कायद्यात काही जनावरांच्या शिकारीला परवाना मिळत होता, पण तेव्हाही गाडीतून शिकार करायला आणि गाडी घालून जनावर हाकायला मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ती पद्धतच बंद झाली. शिकारीला आजही परवानगी असलेल्या अमेरिकेतसुद्धा बहुतेक राज्यांत मोटारगाडीतून बार टाकणे गुन्हा आहे. तिकडे चारचाकी बाइक असते ती मारलेले जनावर जंगलातून बाहेर ओढून आणायला. हे फोटोत दिसत नाही, म्हणून आपल्या पोरांची गफलत होते.

गाडी कशी जाते

कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त ठार मारणे एवढाच नाही. फासा लावणे, सापळा लावणे, आमिष ठेवणे, जनावर हाकून नेणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच येते. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याच्या बेकायदा शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे कलम आहे एकोणचाळिसावे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन, हत्यार, सापळा ही सरकारची मालमत्ता ठरते. कर्जाचे हप्ते मात्र आपल्याच नावावर राहतात. गाडी मित्राने मागून नेली होती, हे सांगत मग कोर्टाची पायरी चढावी लागते.

मोठ्या माणसांचेही यातून सुटले नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात राजस्थानात जोधपूरजवळ कांकाणी गावच्या हद्दीत काळवीट मारल्याचे प्रकरण झाले. रात्री दिसलेली जिप्सी गाडी गावकऱ्यांच्या साक्षीत आली. २०१८ च्या एप्रिलमध्ये जोधपूरच्या न्यायालयाने अभिनेता सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, त्यावर त्याने अपील केले. मुद्दा एवढाच, की एका रात्रीच्या फेरीचा जाब वीस वर्षांनीही द्यावा लागला. ज्याच्या दारात वकिलांची रांग उभी राहू शकते त्याची ही गत, तर दोन एकरवाल्याने काय करावे?

'शेती संरक्षणाची बंदूक आहे, मग भ्यायचं कशाला?' असेही कोणी म्हणतात. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात तशी सोय आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्यासाठी वनक्षेत्रपालांमार्फत ती मिळण्याची पद्धत ठरवून दिली. तेव्हा अर्ज करावा, पोच घ्यावी, लेखी अट वाचावी. परवानगीने मारलेले जनावरही सरकारचेच असते, ते घरच्या चुलीवर जात नाही.

गाडीने डुक्कर हटते का?

कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि निव्वळ व्यवहार बघू. रानडुकराची नजर बेताची, पण नाक फार तिखट. ते कळपाने येते, अंधारात येते आणि एकदा चव लागलेल्या शेतात पुन्हा येते. गाडीचा आवाज झाला की शेजारच्या उसात शिरते, गाडी गेली की परत खाचरात. रात्री तीन फेऱ्या मारल्या तर डिझेल जळते, झोपमोड होते आणि आपल्याच चाकांखाली आपले भात जाते. ओल्या बांधावरून अंधारात गाडी कलंडली तर आत बसलेल्यांचे काय होईल, ते सांगायला नको. बिथरलेले डुक्कर अंगावर येते ते वेगळेच.

त्यापेक्षा सौर झटका कुंपण कधीही सरस. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जनावराला दणका बसतो पण जीव जात नाही. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. आपले गाव त्यात बसते का, हे वनरक्षकाकडे जाऊन विचारावे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सलग पट्टा बांधला तर खर्चही वाटला जातो आणि मधली फटही राहत नाही. तारेखालचे गवत मात्र दर आठवड्याला काढावे लागते. गवत तारेला टेकले की करंट जमिनीत जातो, झटका मेला आणि डुक्कर आत आले म्हणून समजा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. विजेच्या खांबावरून आकडा टाकून शेताभोवती उघडी तार कोणी ओढू नका. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच भाऊ तिथे चिकटतो आणि मग मनुष्यवधाचा गुन्हा अंगावर येतो. नुकसान झाले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे, फोटो काढून ठेवावेत, पंचनाम्याशिवाय शेत नांगरू नये. भरपाई तुटपुंजी वाटते हे खरे, पण अर्जच केला नाही तर तीही नाही.

मग गाडी कोणती?

आता मूळ प्रश्नाकडे. गाडी निवडताना आधी आपली जमीन बघावी, कंपनी नंतर. मावळ म्हणजे एक तालुका, पण जमिनी अनेक. लोणावळ्याकडे पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, तिथे डोंगरउताराची तांबडी माती आणि निसरडे दगड. पूर्वेला वडगाव, तळेगाव, बेगडेवाडीकडे यावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, पण भातखाचराचा चिखल चांगला गुडघाभर असतो. ज्या वडगावच्या संशोधन केंद्राने आपल्याला इंद्रायणी भात दिला, तिथल्या खाचरात पावसाळ्यात कोणतीही जीप घालून बघा. चारही चाकांना ओढ असली तरी ती पोटावर बसेल. चिखलात वजन हाच शत्रू, हे पहिले लक्षात घ्यावे.

म्हणून खाचरातले काम पॉवर टिलरला किंवा लहान ट्रॅक्टरलाच द्यावे. चिखलणीला केजव्हील लावलेला छोटा फोर-व्हील ट्रॅक्टर बांधावर वळतो, ट्रॉली ओढतो, फवारणीचा पंप चालवतो. ज्याच्याकडे एकच वाहन घेण्याची ऐपत आहे त्याने हेच घ्यावे. याने शिकार होत नाही, पण पोट भरते.

ज्यांचे शेत डोंगराच्या कुशीला आहे, दूध, भाजी, खत, माणसे रोज वर-खाली न्यावी लागतात, त्यांना जीपच्या जातीची गाडी उपयोगी. ती घेताना चार गोष्टी बघाव्यात. पहिली, चारही चाकांना ओढ आणि सोबत 'लो' गिअर आहे का. हा लो गिअरच भरलेली गाडी चढावर सावकाश चढवतो आणि उतारावर ब्रेक न तापवता उतरवतो. दुसरी, जमिनीपासून पोटापर्यंतची उंची. तिसरी, खाली मजबूत चासी आहे का. चौथी आणि सगळ्यात मोठी, सुटे भाग आणि मिस्त्री तळेगाव, देहूरोड, चिंचवडला मिळतो का. ज्या गाडीचा एक बेअरिंग मागवायला पंधरा दिवस लागतात ती सुगीत दारात उभी राहते.

नावाला भुलू नये. थार म्हटले की फोर बाय फोरच असे पोरांना वाटते. पण २०२३ पासून फक्त मागच्या चाकांना ओढ असलेली थारही विकली जाते. दिसायला तीच, चिखलात मात्र साधी मोटार. खरेदीच्या कागदावर 'फोर बाय फोर' लिहिले आहे का ते वाचूनच सही करावी. गुरखा ही आकुर्डीच्या फोर्स कंपनीची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची, जड आणि दणकट गाडी. २०२३ मध्ये आलेली जिम्नी वजनाला हलकी, सुमारे बाराशे किलोची, त्यामुळे ओल्या पायवाटेवर कमी रुतते, पण माल कमी नेते. मारुती जिप्सी १९८५ ची. ताडोबाच्या रानात तिने वर्षानुवर्षे पर्यटक फिरवले. ती आता जुनीच मिळते, शिवाय पेट्रोलवर चालते. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली जोंगा दिसायला रुबाबदार, पण तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. सुटे भाग शोधता शोधता दमछाक होते आणि पेट्रोल पाण्यासारखे जाते.

राहिली चारचाकी बाइक. लोणावळ्याकडे पर्यटकांना फिरवायला ती ठेवतात, ती बघून पोरांचा जीव तिच्यात अडकतो. बहुतेक अशा बाइकची रस्त्यावर नोंदणी होत नाही. शेतातून घरी येताना डांबरी रस्ता ओलांडलात तरी बेकायदा. २०१९ मध्ये पोलारिस कंपनीने ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी एक बाइक आपल्याकडे आणली, तिची किंमत आठ लाखांच्या घरात होती. तेवढ्या पैशात चांगला ट्रॅक्टर अवजारांसकट दारात येतो. शिवाय ही बाइक उतारावर उलटते आणि माणूस खाली सापडतो. अमेरिकेत तीनचाकी प्रकाराची विक्री १९८८ मध्ये याच अपघातांपायी थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियात शेतकरी तिच्याखाली चेंगरून मरू लागले, तेव्हा २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या बाइकना संरक्षक कमान सक्तीची झाली. आपल्याकडे पोर हेल्मेटही घालत नाही.

जुनी गाडी घेताना

आपल्यातले बरेच जण जुनीच घेणार. तेव्हा रंग बघू नका, खाली वाका. चासीला वेल्डिंगचे ठिगळ किंवा गंजाचे पापुद्रे दिसले तर तिथूनच रामराम करावा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून बघावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर समजून घ्यावे. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडावे, भकाभका धूर आला तर बोअर-पिस्टनचे काम आले. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे ऑइल थोडे काढून बघावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. लो गिअर टाकून चढावर थांबवावी, पुन्हा उचलावी, गिअर आपोआप सुटतो का ते बघावे. स्टिअरिंगला ढिलाई, पाट्यांना भेग, क्रॉसला खडखड आहे का, हे आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवावे. त्याला चहा-पाण्याचे पाचशे रुपये गेले तरी पन्नास हजार वाचतात.

मग कागद. चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून बघावेत. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, तो खर्च किमतीत धरावा. लष्कराच्या लिलावातून आलेली म्हणून कोणी जीप दाखवली तर मुलकी नोंदणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न. छत कापलेली, मोठे टायर लावलेली, वर दिव्यांची माळ चढवलेली गाडी घेऊ नये. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यातून रात्री वनहद्दीजवळ असे दिवे दिसले की शिकारी समजूनच अडवतात. बेगडेवाडीच्या आसपास तर लष्करी हद्दही आहे. मोकळे रान दिसले म्हणून गाडी घातली, असे तिथे चालत नाही.

पैसा कुठून आला, हेही बघा

एक कडू बोल सांगितल्यावाचून राहवत नाही. द्रुतगती मार्ग आला, कारखाने आले, प्लॉट पडले आणि मावळातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. गुंठे विकून आलेल्या पैशातून पहिली खरेदी होते ती उंच, काळ्या काचांच्या गाडीची. जमीन एकदाच विकता येते. गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरू लागते. ज्या शेताच्या राखणीसाठी गाडी घ्यायची म्हणता, ते शेतच विकून ती घेतली असेल तर राखण कशाची करणार? उरलेल्या जमिनीला आधी कुंपण, मग विहिरीची दुरुस्ती, मग अवजारे, आणि त्यानंतर जीप, असा क्रम ठेवावा. आईबापाने पोराशी हे बोलायला लाजू नये.

आणि एक गाऱ्हाणे शासनापुढे. शेतकऱ्याला लाखोंची फोर बाय फोर हवीशी वाटते, कारण त्याच्या शेताला धड वाट नाही. पाणंद बुजलेली, दोन्ही बाजूंनी बांध सरकलेले, पावसाळ्यात बैलही पाय टाकत नाही. शेतरस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. अशा योजना ग्रामसभेच्या ठरावावर उभ्या राहतात, आणि ग्रामसभेला जायला आपल्याला वेळ नसतो. पाणंद मोकळी होऊन मुरूम पडला तर साधा टेम्पोही भाताची पोती घेऊन बाहेर येईल. दुसऱ्या बाजूने कृषी, वन आणि महसूल या तीन खात्यांनी सुगीच्या आधी गावात एकत्र बसून कुंपणाचे अर्ज, नुकसानीचे अर्ज आणि परवानगीचे अर्ज एकाच जागी घ्यावेत. शेतकऱ्याने तीन कचेऱ्यांचे उंबरे का झिजवायचे? खात्यांनी त्याचे रास्त गाऱ्हाणे वेळेत ऐकले, तर रात्री दिवा लावून रानात घुसण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत हे दोन विषय लेखी द्या : गावची पाणंद आणि गावचे सामुदायिक कुंपण. ते मंजूर होईपर्यंत जीपचे बयाणे खिशातच राहू द्या.